काठावरची उंची

'गगनचुंबी' हे विशेषण मराठी निबंधात किती दशके बिनतक्रार नांदत आले आहे, याचा कुणी शोध घेतला तर तो मनोरंजक ठरेल. शाळेतल्या 'शहराचे मनोगत'पासून वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांपर्यंत इमारत उंच असली की ती गगनचुंबीच असते. या चुंबनाला गगनाची संमती आहे की नाही, हा प्रश्न निबंधलेखकाला कधी पडत नाही. 'टोलेजंग' हा त्यामानाने प्रामाणिक शब्द. त्यात निदान दांडगेपणा आहे, प्रेमाचा आव नाही. जी गोष्ट भाषेत कौतुकाच्याच शब्दांनी सांगितली जाते, तिच्याविषयी तक्रार करायची झाली की शब्द शोधत बसावे लागते. सार्वजनिक उद्यानांलगतच्या अतिउंच इमारतींविषयी मराठीत बोलताना हीच अडचण येते. तक्रार करणारा एक तर प्रगतीचा शत्रू ठरतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे हळवा ठरतो.

हा विषय बुलडाणा जिल्ह्याच्या संदर्भात कशाला काढायचा, असे कुणी विचारील. या जिल्ह्यात चाळीस मजली इमारत नाही. चाळीस-पंचेचाळीस मजल्यांची एक उंची मात्र आहे आणि ती उलटी आहे. लोणारच्या विवराचा काठ आतल्या तळ्यापासून सुमारे 137 मीटर उंच आहे. मजल्यामागे 3 मीटर धरले, तर मुंबईतला एखादा टॉवर जमिनीत उलटा गाडून मग उपसून काढावा, तेवढी ही खोली. विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर. बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेले हे विवर ज्वालामुखीचे की उल्केचे, हा वाद दीर्घकाळ चालला आणि 1973 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तो उल्केच्या बाजूने निकाली निघाला. वय मात्र अजून वादात आहे. एका मापनाने ते सुमारे 52 हजार वर्षे येते, तर दुसऱ्या, नंतरच्या मापनाने सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे. मराठीच्या अध्यापकांना लोणार वेगळ्या वाटेने ठाऊक असते. लीळाचरित्रात लोणार आणि मेहकर ही दोन्ही गावे येतात. म्हणजे मराठी गद्य जन्मले तेव्हापासून हे गाव आपल्या वाङ्मयात आहे.

तळ्याच्या कडेला उभे राहून वर पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. इथे क्षितिज दूर नाही; ते गोल आहे, जवळ आहे आणि त्याला कड आहे. सपाट प्रदेशात क्षितिज म्हणजे दृष्टीची मर्यादा. इथे क्षितिज म्हणजे एक वस्तू, हात लावता येईल अशी. त्या कडेवर जे काही उभे राहील ते, मग तो विजेचा खांब असो वा पाण्याची टाकी, आकाशावर रेखाटल्यासारखे उठून दिसते. राष्ट्रीय इमारत संहिता 15 मीटर आणि त्याहून उंच इमारतीला 'उंच' म्हणते. कारण उघड आहे: संहितेला अग्निशमनाच्या शिडीची काळजी आहे. लोणारच्या काठावर 9 मीटरची दुमजली इमारत संहितेच्या लेखी ठेंगणीच. तळातून पाहणाऱ्याला मात्र ती टॉवर वाटेल. उंची मजल्यांत मोजायची की ती कुठून पाहिली जाते यावर ठरवायची, हा माझ्या मते या साऱ्या प्रश्नाचा गाभा आहे आणि आपल्या नियमावल्यांनी तो जवळजवळ सोडूनच दिला आहे.

शहरांतले लोक हा प्रश्न सावलीच्या अंगाने मांडतात. 18 ऑक्टोबर 1987 रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये शेकडो माणसे रांगेने उभी राहिली आणि त्यांनी एकेक करून छत्र्या उघडल्या. पावसासाठी नव्हे, कोलंबस सर्कलजवळ होऊ घातलेल्या जोडटॉवरची सावली बागेत कुठवर येईल, ते दाखवण्यासाठी. जॅकलिन केनेडी ओनॅसिस त्या निदर्शनात पुढे होत्या. प्रकल्प पुढे आटोपशीर करावा लागला. ती जमीन सार्वजनिक मालकीची होती, म्हणून जाब विचारायला जागा होती. नंतर त्याच बागेच्या दक्षिणेला 57व्या रस्त्यावर खासगी भूखंडांवर 300, 400 मीटरपेक्षा उंच, सुईसारख्या इमारती उभ्या राहिल्या. सर्वांत उंच 472 मीटरची. शेजारच्या इमारतींचे न वापरलेले बांधकामहक्क विकत घेऊन, नियमांच्या चौकटीत राहून त्या चढल्या. तिथे छत्र्या उघडून काही होण्यासारखे नव्हते.

सॅन फ्रान्सिस्कोने निराळा मार्ग धरला. 1984 मध्ये तिथल्या मतदारांनी थेट मतदानाने ठरवले की 40 फुटांहून उंच नव्या इमारतीची सावली नगराच्या उद्यानावर पडणार असेल, तर तिची आधी छाननी व्हावी. सूर्योदयानंतरच्या एका तासापासून सूर्यास्तापूर्वीच्या एका तासापर्यंतची सावली मोजली जावी. बॉस्टनच्या दोन जुन्या उद्यानांसाठी 1990 आणि 1992 मध्ये राज्याने कायदेच केले. 2017 मध्ये एका टॉवरसाठी त्या कायद्यांत वाट काढण्यात आली. पण ती काढण्यासाठी विधिमंडळात जावे लागले, चर्चा झाली, किंमत ठरली. अपवाद उजेडात करावा लागणे हीसुद्धा कायद्याची एक कमाई असते.

इथे आपल्याकडचा सुजाण वाचक हसेल. विदर्भात सावलीविरुद्ध कायदा! ज्या भाषेत 'सावली धरणे' म्हणजे आधार देणे आणि ज्या मुलखात मे महिन्यात माणूस विजेच्या खांबाच्या सावलीतही उभा राहतो, तिथे सावलीला उपद्रव कसे म्हणायचे? थंड, धुकट शहराचा कायदा उचलून इथे आणणे म्हणजे नागपुरी उन्हाळ्यात लोकरीची बंडी शिवणे. ही हरकत खरी आहे आणि तिला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

उत्तर भूमितीत आहे. आपण साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहोत. मे महिन्याच्या विशीच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यानंतर मध्यान्हीचा सूर्य आपल्या थेट डोक्यावर असतो. त्या दिवसांत दुपारी बारा-साडेबाराला इमारत 200 मीटरची असली तरी तिची सावली तिच्या पायाशीच संपते. म्हणजे सावलीची खरी गरज असते तेव्हा टॉवर ती देत नाही. डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सत्तेचाळीस अंशांपेक्षा वर जात नाही, आणि तेव्हा भर दुपारीही सावली इमारतीच्या उंचीएवढी पडते. सूर्यास्तापूर्वी एक तास ती उंचीच्या सुमारे साडेचारपट होते; सूर्योदयानंतरच्या एका तासातही तेवढीच. 200 मीटरच्या इमारतीची सावली अशा वेळी हिशोबाने 900 मीटर जाते. थंडीतल्या सकाळी बागेत कोण येते? गुडघ्यांना ऊन दाखवायला आलेली म्हातारी माणसे, तान्ह्या बाळाला कोवळ्या उन्हात घेऊन बसलेली आजी. टॉवर त्यांचे ऊन नेतो. पश्चिमेला टॉवर असेल तर उन्हाळ्यात चारनंतर बागेला त्याची सावली मिळते, हे कबूल केले पाहिजे. पण दिवसभर तापलेली ती भिंत रात्री तीच उष्णता परत करते. झाडाची सावली आणि इमारतीची सावली यांना मराठीत एकच शब्द आहे, ही आपल्या भाषेची एक उणीव म्हणावी लागेल.

तेव्हा सावलीचा नियम आपल्याकडेही लागू होतो, पण तो ऋतू पाहून लिहावा लागेल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळचे दोन-तीन तास, एवढ्यापुरताच तो असला तरी पुरे. इतका नेमका नियम करायला फार मोठी यंत्रणा लागत नाही; सूर्याचे वेळापत्रक पंचांगकर्त्यांनी कधीच मांडून ठेवले आहे.

मराठी माणसाच्या मनात उद्यानालगतच्या उंचीचा विषय निघाला की शिवाजी पार्क येणारच. 1925 मध्ये महानगरपालिकेने ते मैदान सार्वजनिक केले. तेव्हा ते माहीम पार्क होते. 1927 मध्ये, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्याला आजचे नाव मिळाले. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा तिथे झाल्या, क्रिकेटच्या पिढ्या तिथे घडल्या. भोवतीचा कट्टा ही तर मध्यमवर्गीय मराठी संभाषणाची एक संस्थाच झाली. त्या मैदानाला जो आकार आहे तो गवताने दिलेला नाही. भोवतीच्या तीन-चार मजली, एकमेकींच्या उंचीचा मान राखणाऱ्या इमारतींनी दिला आहे. मैदान म्हणजे मोकळी जमीन अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात मैदान म्हणजे मोकळे आकाश, आणि ते आकाश भोवतालच्या इमारती किती खाली थांबतात यावर अवलंबून असते.

परंतु याच शिवाजी पार्कने आपल्यासारख्या हळव्यांना एक धडाही दिला आहे. 2012 मध्ये मुंबईच्या वारसायादीचा नवा मसुदा आला आणि त्यात शिवाजी पार्क परिसराचे नाव आले, तेव्हा विरोधाला उभे राहिले ते बाहेरचे विकासक नव्हेत, तिथले अनेक रहिवासी होते. त्यांचे म्हणणे समजून घ्यायला हवे. इमारती 1930-40च्या दशकांतल्या. लिफ्ट नाही. स्लॅब गळतो. डागडुजीचा खर्च भाड्यातून निघत नाही. मुलगा-सून जागेअभावी विरार-बदलापूरला गेलेले. पुनर्विकास झाला तर म्हाताऱ्या जोडप्याला लिफ्ट मिळेल आणि कदाचित मुलगा परत येईल. त्यांना आपण कट्ट्यावर बसून सांगणार की तुमची इमारत ठेंगणीच राहू द्या, कारण आम्हाला संध्याकाळचे आकाश बघायचे आहे? आकाशाचे हे प्रेम दुसऱ्याच्या गळक्या छपराच्या खर्चाने चाललेले असते. ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना 2018 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तेव्हा त्याचा आनंद सर्वांनाच झाला. पण ओव्हलच्या कडेला राहणाऱ्याची सोय आणि दादरच्या भाडेकरूची सोय एका तागडीत बसत नाही.

मला स्वतःला यातून दिसणारा मार्ग असा. मैदानाच्या काठावरच्या पहिल्या रांगेला उंचीची मर्यादा घालायची असेल, तर त्या रांगेने गमावलेल्या बांधकामाचे मोल तिला मिळाले पाहिजे, आणि ते मैदानाचा उपभोग घेणाऱ्या संपूर्ण शहराने द्यायला हवे. हस्तांतरणीय विकासहक्काची यंत्रणा आपल्याकडे आहे. ती बहुतांशी रस्ते आणि झोपडपट्टी पुनर्वसन यांसाठी राबवली जाते. आकाशासाठी ती राबवायला कुणी बंदी केलेली नाही. विकलेले ते हक्क मात्र दुसऱ्या बागेच्या काठावर जाऊन उतरू नयेत. न्यूयॉर्कच्या 57व्या रस्त्याने हेच दाखवून दिले.

आता पुन्हा लोणार. इथे तर नियमांची कमतरता मुळीच नाही; उलट एकावर एक पडलेल्या वर्तुळांची गर्दी आहे. विवर अभयारण्य आहे. 2020 पासून ते रामसर पाणथळ स्थळ आहे. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झाले आणि साऱ्या देशाने लोणारची छायाचित्रे पाहिली. खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणीअंती सांगितले. गावातले दैत्यसूदन मंदिर केंद्राचे संरक्षित स्मारक आहे. 2010च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढच्या 200 मीटरपर्यंत नियंत्रित आहे. अभयारण्यांभोवती सरसकट 1 किलोमीटरचा संवेदनशील पट्टा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जून 2022 मध्ये म्हटले आणि एप्रिल 2023 मध्ये ते सरसकटपण काढून घेतले. दुसरीकडे, डिसेंबर 2020 पासून मुंबईसारखे काही अपवाद वगळता राज्यभर एकच नियमावली आली, तिचे नाव 'एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली'. नियंत्रण आणि प्रोत्साहन एकाच दमात! पुण्याची महानगरपालिका आणि बुलडाण्याची नगरपरिषद एकाच पुस्तकाच्या छत्राखाली आल्या. रस्ता रुंद असेल तर बांधकाम अधिक, हे तिचे एक मुख्य सूत्र. रस्ता कुठे जातो आणि कशाच्या काठाने जातो, हे त्या सूत्रात येत नाही.

या वर्तुळांचा जाच कोणाला होतो, हेही पाहावे. मंदिरापासून 100 मीटरच्या आत ज्याचे मातीचे घर आहे, त्याला पावसाळ्यापूर्वी भिंत नीट करायची तरी परवानगीचा कागद लागतो. त्याच गावाचे सांडपाणी विवराकडे उतरते, यावर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे वर्षानुवर्षे सुनावण्या झाल्या. म्हणजे दुरुस्त्या अडतात आणि गटार वाहते. नियमाने गरिबाचा हात धरला आणि पाणी सोडून दिले. अशा ठिकाणी आणखी एका वर्तुळाची मागणी करताना माणसाने दहादा विचार करावा. लोणारचा रहिवासी उद्या म्हणाला की, 'साहेब, तुमचं ते गोल क्षितिज राहू द्या, आमच्या पोरांना इथे चार खोल्यांचं लॉज काढू द्या', तर त्याला देण्याजोगे उत्तर आपल्यापाशी हवे.

ते उत्तर वर्तुळाऐवजी रेषेत सापडू शकते, असे मला वाटते. तळ्याच्या एका काठावरून समोरच्या विवरकडेपर्यंतचे अंतर ढोबळमानाने दीड किलोमीटर. कडेची उंची 137 मीटर. त्या ठिकाणाहून कडेवरून निघणारी नजर मागे जाताना दर 100 मीटरला सुमारे 9 मीटर वर चढते. याचा अर्थ असा की काठापासून 100 मीटर मागे सरकलेली 9 मीटरची इमारत तळातून दिसणारच नाही. 15 मीटरची इमारत हवी असेल तर सुमारे 165 मीटर मागे जा. 30 मीटरची हवी असेल तर 330 मीटर. शिवाय विवराचा काठ भोवतालच्या पठारापेक्षा सुमारे 20 मीटर उंच आहे. जमीन बाहेरच्या बाजूला उतरत जाते, म्हणजे प्रत्यक्षात यापेक्षाही सवलत मिळेल. हा झाला केवळ नजरेचा हिशोब. काठाबाहेर पसरलेले उल्कापाताचे उत्सर्जित खडक आणि सांडपाणी यांचे हिशोब निराळे, आणि त्यांच्यासाठी काही ठिकाणी एक मजलाही जास्तच होईल. पण उंचीपुरते बोलायचे तर लॉज काढू इच्छिणाऱ्याला सरसकट 'नाही' म्हणण्यापेक्षा 'इतके मागे, इतके उंच' असे सांगता येते. तो नियम त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता येतो आणि कचेरीतल्या कुणाच्याही मर्जीवर तो अवलंबून राहत नाही.

साहित्याच्या वर्गात आपण 'दृष्टिकोन' हा शब्द इतक्या सैलपणे वापरतो की त्यात दृष्टी आहे आणि कोनही आहे, याचा विसर पडतो. इथे तो शब्द अगदी मोजपट्टीच्या अर्थाने घ्यायचा आहे. कोणाच्या डोळ्यांतून मोजायचे, हा वादाचा मुद्दा राहीलच. विवरात कमळजा देवीला नवस फेडायला उतरणारी बाई, पक्षी बघायला आलेला विद्यार्थी आणि काठावरच्या खोलीत बाल्कनीसाठी जादा भाडे मोजणारा पर्यटक, या तिघांचे डोळे वेगळे. पहिल्या दोघांना प्राधान्य द्यावे असे माझे मत. कारण तिसऱ्याने दृश्य विकत घेतले आहे आणि ते घेताना पहिल्या दोघांच्या दृश्यात स्वतःची खोली उभी केली आहे. शिवाजी पार्कच्या 'पार्क-फेसिंग' सदनिकांच्या जाहिरातींतही हाच व्यवहार आहे. बाग खिडकीला दिसते म्हणून किंमत वाढते. खिडकी बागेला दिसते, त्याचा भाव कुणी धरत नाही.

स्वित्झर्लंडमध्ये एक साधी पद्धत आहे. नवी इमारत बांधायची असेल तर परवानगीपूर्वी त्या जागेवर खांब रोवून नियोजित इमारतीची उंची आणि आकार प्रत्यक्ष दाखवावा लागतो. खांब काही काळ तसेच राहतात, शेजारीपाजारी येऊन पाहतात आणि हरकत असेल तर नोंदवतात. लोणारला एवढा खर्चही नको. लांब बांबू घ्यावेत, त्यांवर मापाच्या खुणा कराव्यात आणि टोकाला लाल फडके बांधावे. काठावर, काठापासून 50 मीटर मागे, 100 मीटर मागे असे ते उभे करावेत. मग नगरपरिषदेचे सदस्य, वनखात्याचा माणूस, लॉज काढू इच्छिणारा तो तरुण, आणि जवळच्या महाविद्यालयातली मराठीची चार मुले यांनी पायऱ्या उतरून खाली जावे, तळ्याला वळसा घालून पलीकडच्या काठावर उभे राहावे, आणि कोणते फडके दिसते व कोणते दिसत नाही ते कागदावर लिहून आणावे.